दहा मायक्रोमोलर

ताळगावच्या पठारावर, दुपारी तीनला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना
शहाण्णव खड्ड्यांच्या थाळीत
मी वास ओतते.
म्हणजे पिकल्या बोंडूतला एक एस्टर,
इतका थोडा की मुंगीही वळून बघणार नाही.
पेशी हिरव्या उजळतात, विझतात.
हा झाला सरळ रस्ता:
पाहुणा येतो, कडी वाजवतो,
आत कुणीतरी उठून दिवा लावतं.

दुसरा रस्ता उणे वीसवर ठेवलाय,
तपकिरी कुपीत.
मैनमुळाच्या जातीतल्या एका झुडपाच्या
मुळातून निघालेली पांढरी भुकटी.
ती कडीला हात लावत नाही.
मागच्या परसातून शिरते
आणि स्वयंपाकघरातल्या बाईला थेट सांगते, लाव दिवा.
बाई लावते.
ओटीवर कोण आलंय, विचारत नाही.

तिसरी बाटली त्याहून लबाड.
ती कुणालाच उठवत नाही.
आत एक पोऱ्या असतो फडकं घेऊन,
आलेला निरोप पुसून टाकणारा,
त्याचे हात तेवढे धरून ठेवते.
मग निरोप राहतो. नको इतका राहतो.

डॉ. फुर्तादो म्हणतात, ग्राहीवर संशय असेल
तर आधी ग्राहीला वगळून बघ,
आतलं घर धड आहे का ते कळू दे.
आणि एका ओळीत नुसतं द्रावक घाल, विसरू नकोस.
विसरत नाही.
द्रावकाने माझ्या हातमोज्यांना कालवांचा वास येतो,
पेशी ढिम्म.

रविवारी केरीला गेले, कदंबाच्या बसने.
फटगोमामाची भट्टी पेटली होती.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं;
त्याआधी भाण करपायच्या घटकाभर आधी
तो झोपेतून उठून लाकडं ओढायचा.
आता सून हुंगते, तो विचारतो, "झाली?"
तरी उर्राकाचा थेंब तळहातावर चोळून
हात नाकाशी नेतोच. सवय.
मग हात लुंगीला पुसतो.

मी काय काम करते ते त्याला सांगितलं.
कडी, परसदार, पोऱ्या, सगळं.
म्हणाला, त्यातला एक थेंब घाल माझ्या नाकात.
मी म्हटलं, तो थेंब नाकाशी थांबणार नाही, मामा.
तसलीच बाई काळजात बसलीय, तसलीच रक्ताच्या नळ्यांत,
सगळ्याच दिवे लावत सुटतील.
ते औषध नव्हे. ते फक्त विचारायचं साधन आहे.
"कुणाला विचारायचं?"
मला उत्तर आलं नाही.
सुनेने लाकूड पुढे सारलं.

मग तो हळूच बोलला, ती ऐकणार नाही असं.
आषाढात, मध्यरात्री,
भट्टी गार, भाण पालथं घातलेलं,
बोंडूंचा मागमूस नाही,
आणि घरभर पहिल्या धारेचा घमघमाट.
"वास येता गो. खरोखरचा येता."
टॉर्च घेऊन तो पडवीत गेला.
भाणाखाली कोळ्याचं जाळं होतं, कोळी होता.
वास होता.
सकाळी कुणाला सांगितलं नाही,
आधीच म्हातारा ठरलोय, म्हणाला.

सोमवारी थाळीची शेवटची ओळ.
गंध घातला नाही.
ग्राही तर या पेशींत नाहीतच मुळी.
फक्त दहा मायक्रोमोलर, परसदाराने.
पडद्यावर एक खड्डा उजळला, मग दुसरा,
मग सगळी ओळ, सावकाश,
पोऱ्याचे हात धरलेले असल्यामुळे
बराच वेळ उजळलेली.

वहीत रकाने आखलेले असतात.
गंध: नाही.
प्रतिसाद: आहे.
शेऱ्याचा रकाना अरुंद.
"भाण पालथं होतं"
एवढंच त्यात मावलं.